विश्लेषण : ‘टायर फुटला’, ‘वारा सुटला’, ‘गर्दी झाली’... अपघाताचे खरे कारण तुटलेल्या तुकड्यात कसे सापडते?

मोठी दुर्घटना घडली की पहिल्या काही तासांतच एक कारण पुढे येते. बस उलटली तर टायर फुटला, पुतळा कोसळला तर वारा सुटला, पूल पडला तर गर्दी झाली. ही कारणे दर वेळी खोटी असतात असे नाही. पण ती सगळी त्या एका क्षणाची असतात. तुटलेले लोखंड तपासले तर ते बहुतेकदा त्या क्षणाच्या बरीच आधीची तारीख सांगते. ही तारीख वाचतात कशी आणि तिच्यावरून जबाबदारी कोणाकडे जाते, याविषयी.

मोरबीच्या ४९ तारांनी काय सांगितले?

गुजरातमधील मोरबी येथे मच्छू नदीवरील झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी संध्याकाळी कोसळला. १३५ जणांचा मृत्यू झाला. दुरुस्तीनंतर पूल २६ ऑक्टोबरला, म्हणजे चारच दिवस आधी लोकांसाठी उघडण्यात आला होता. काही तरुण पूल मुद्दाम हलवत असल्याच्या चित्रफिती त्या रात्री समाजमाध्यमांवर फिरल्या आणि गर्दी, हुल्लडबाजी हेच कारण असल्याचे अनेकांनी मनाशी ठरवूनही टाकले. देखभाल करणाऱ्या कंपनीच्या एका व्यवस्थापकाने तर न्यायालयात ‘देवाची इच्छा’ असे म्हटल्याचे वृत्त गाजले होते.

गर्दी होती, यात शंका नाही. दुर्घटनेच्या दिवशी ३,१६५ तिकिटे विकली गेली होती. राज्य सरकारने नेमलेल्या पाच सदस्यांच्या विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार पूल पडला तेव्हा त्यावर सुमारे ३०० लोक होते, आणि ही संख्या पुलाच्या क्षमतेपेक्षा खूपच जास्त होती. पण याच अहवालात आणखी एक निरीक्षण आहे. पूल ज्या मुख्य केबलांवर टांगलेला होता, त्यातील प्रत्येक केबल सात पेडांची होती आणि प्रत्येक पेडात सात तारा होत्या. म्हणजे एका केबलमध्ये ४९ तारा. तुटलेल्या केबलच्या ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या आढळल्या. त्या दुर्घटनेच्या आधीच तुटलेल्या असाव्यात, असे पथकाने म्हटले. उरलेल्या २७ तारा मात्र ताज्या तुटलेल्या होत्या.

हे कशावरून कळते, ते समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. घरात चहाचा एखादा जुना कप असतो, त्याला बारीक तडा गेलेला असतो. वर्षभर तो वापरला जातो. एके दिवशी धुताना त्याचे दोन तुकडे होतात. तुटलेली कड पाहा : जिथे जुना तडा होता तिथे चहाचा तपकिरी रंग आत मुरलेला असतो आणि जो भाग आज तुटला तो पांढराशुभ्र. कप आज फुटला, पण फुटायला सुरुवात कधी झाली ते त्या रंगाने सांगितले. पोलादाच्या बाबतीत चहाची जागा गंज घेतो. ताजे तुटलेले पोलाद राखाडी, चमकदार दिसते. आधी तुटलेल्या टोकावर ओल आणि हवा आपले काम करून गेलेली असतात.

आता साधा भागाकार. ४९ तारांचा भार २७ तारांवर आला, तर प्रत्येक तारेवर आधीच्या सुमारे १.८ पट ताण येतो. पूल रिकामा असतानाही. त्यावर लोक चढण्याआधीच केबलची जवळपास निम्मी ताकद गेलेली होती. त्यात दुरुस्तीच्या वेळी पुलाच्या तळाला धरून ठेवणारे जुने उभे गज काढून नवे एकसंध गज बसवण्याऐवजी जुन्या गजांना नवे गज वेल्डिंगने जोडण्यात आल्याचे अहवाल सांगतो. लाकडी फळ्यांच्या जागी अॅल्युमिनियमचा तळ आला. उघडण्यापूर्वी भार चाचणी झाली नाही. त्यामुळे ‘३०० लोक चढले म्हणून पूल पडला’ या वाक्यात चूक काही नाही, पण ते अर्धेच आहे. त्या संध्याकाळी ३०० लोक चढले नसते, तर त्या २२ तारा कोणाच्या नजरेस पडल्या असत्या का, हा प्रश्न त्या वाक्यात येतच नाही.

तुटलेल्या कडेवर आणखी काय वाचता येते?

गंज ही सगळ्यात ढोबळ खूण. तुटण्याच्या प्रकाराची खूण त्याहून बारीक असते. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला पोलादी गज ओढून तोडायचा प्रयोग असे. यंत्र गजाला दोन्ही टोकांनी खेचत राहते, गज आधी लांबतो, मग मध्ये बारीक होतो, कमरेसारखा आत जातो आणि शेवटी मोठा आवाज होऊन तुटतो. एका तुकड्याचे टोक वाटीसारखे खोलगट आणि दुसऱ्याचे शंकूसारखे. अशी कड दिसली तर समजायचे की धातू चांगला होता, त्याने ताणून तग धरला आणि भार खरोखरच त्याच्या ताकदीपलीकडे गेला. याउलट कड सपाट, दाणेदार, चमचमती असेल आणि गज जराही बारीक झालेला नसेल, तर धातू काचेसारखा फटकन तुटला आहे. अशा कडेवर बाणाच्या टोकांसारख्या रेषा दिसतात आणि त्या सगळ्या एकाच जागेकडे बोट दाखवतात. तिथून तडा सुरू झाला.

तिसरा प्रकार सर्वात जास्त अपघातांमध्ये भेटतो : धातूचा थकवा. लोखंडी तार हाताने ओढून तुटत नाही, पण तीच तार दहा-वीस वेळा इकडून तिकडे वाकवली की तुटते. पुलावरून गाडी गेली, विमानाने उड्डाण केले, पंख्याचे पाते फिरले की धातूवर असाच छोटासा ताण येतो आणि जातो. एका वेळचा ताण ताकदीपेक्षा कितीतरी कमी असतो. पण कुठे वेल्डिंगमध्ये पोकळी असेल, भोकाची कड खडबडीत असेल, तर तिथे केसाएवढा तडा पडतो आणि प्रत्येक फेरीला थोडा थोडा पुढे सरकतो. तुटलेल्या कडेवर याची नोंद राहते. ओहोटीनंतर किनाऱ्यावरच्या वाळूत लाटांच्या कमानी उमटलेल्या दिसतात, तशाच कमानी साध्या डोळ्यांनाही दिसू शकतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यातील आणखी बारीक रेषा दिसतात. त्या मोजल्या की धातूने ताणाच्या साधारण किती फेऱ्या सोसल्या, याचा अंदाज येतो. झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखाच हा हिशेब आहे, फक्त इथे वर्षांऐवजी फेऱ्या मोजायच्या.

मक्याच्या शेतातील चकतीने कोणाचे नाव घेतले?

हा हिशेब किती दूरवर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या डीसी-१० विमानाचे शेपटीतले इंजिन हवेत असताना फुटले. उडालेल्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमानातील २९६ पैकी ११२ जण मरण पावले. विमान तिथवर आले, यालाच तेव्हा आश्चर्य मानले गेले.

इंजिनाच्या पुढच्या पंख्याची टायटॅनियमची जड चकती मात्र सापडत नव्हती. ती आयोवातील शेतांवर कुठेतरी पडली होती. ऑक्टोबरमध्ये मक्याच्या काढणीच्या वेळी शेतात तिचे तुकडे मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तिची तुटलेली कड तपासली. तड्याच्या उगमापाशी धातूतच एक कठीण, ठिसूळ डाग होता. धातू वितळवून तयार करतानाचा तो दोष होता. त्या चकतीने एकूण १५,५०३ उड्डाणफेऱ्या केल्या होत्या आणि कडेवर मोजलेल्या मुख्य रेषांची संख्या जवळपास तेवढीच भरली. तडा जवळजवळ पहिल्या दिवसापासून वाढत होता.

पण तपास इथे थांबला नाही. अशा चकत्यांची तपासणी करताना त्यांच्यावर एक चमकणारा द्रव लावतात. तो तड्यात शिरतो आणि विशेष प्रकाशात तडा उजळून दिसतो. या चकतीची अशी तपासणी अपघाताच्या ७६० फेऱ्या आधी झाली होती आणि ती पास झाली होती. तुटलेल्या कडेवर एक रंग बदललेला पट्टा आढळला आणि त्यात त्याच द्रवातील रसायनांचे अंश मिळाले. म्हणजे तपासणीच्या दिवशी तडा तिथे होता, सुमारे अर्धा इंच लांब होता, द्रव त्याच्या आतही गेला होता. तो फक्त दिसला नाही. मंडळाने अपघाताचे कारण नोंदवताना बोट ठेवले ते तपासणीच्या पद्धतीवर आणि तपासणाऱ्या माणसाच्या मर्यादांचा त्या पद्धतीत पुरेसा विचार नसण्यावर.

माझ्या मते या शाखेतला हा सर्वात अस्वस्थ करणारा निष्कर्ष आहे. कारण कागदावर सगळे ठीक होते. तपासणी झाली होती, शेरा होता, सही होती. कागदाच्या विरुद्ध साक्ष दिली ती धातूने.

मालवणात वाऱ्याचे गणित जुळते का?

आता महाराष्ट्रात येऊ. सिंधुदुर्गातील मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ४५ किलोमीटर होता आणि त्यामुळे नुकसान झाले, असे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले होते.

हा दावा तपासायला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. त्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण साडेनऊ किलो वजनाएवढा येतो. भारतात बांधकामासाठी वाऱ्याचा भार आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागावरून धरतात. त्यात मूळ वाऱ्याचा वेग पणजीसाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर दिला आहे. मालवण या दोन शहरांच्या मधल्या किनाऱ्यावर. यातला कमी आकडा घेतला तरी ताशी १४० किलोमीटर होतात आणि दाब ४५ च्या वाऱ्यापेक्षा जवळपास दहापट भरतो. कोकण किनाऱ्यावर उभ्या केलेल्या कोणत्याही उंच वस्तूने हा भार सोसणे अपेक्षित आहे. ताशी ४५ किलोमीटरचा वारा कोकणात पावसाळ्यात नवलाचा नसतो. नारळाच्या झावळ्याही त्यात फार पडत नाहीत.

नंतर संयुक्त समितीच्या अहवालातील ज्या बाबी समोर आल्या, त्यांत वारा मुख्य आरोपी नव्हता. जागोजागी धरलेला गंज, चुकीचे वेल्डिंग, कमकुवत सांगाडा आणि अपुरी देखभाल, अशी ती यादी होती. खाऱ्या हवेत साधे पोलाद किती लवकर गंजते हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही घराच्या खिडकीचे गज सांगतील. कांस्यासारखा धातू पोलादाला चिकटून ओल्या, खाऱ्या हवेत राहिला तर पोलाद आणखी वेगाने झिजते, हे अभ्यासक्रमातच असते. आणि तारखेचा मुद्दा इथेही आहेच. पुतळ्याचे नटबोल्ट गंजल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्थानिक अभियंत्याने २० ऑगस्टला लिहिले होते. म्हणजे कोसळण्याच्या सहा दिवस आधी.

रस्त्यावरील अपघातात काय शोधतात?

गाडीच्या अपघातात धातूइतकाच रस्ताही बोलतो. ब्रेक दाबल्यावर चाके घासत गेल्याच्या खुणांची लांबी मोजून वेग काढता येतो. कोरड्या डांबरावर ४० मीटर खूण आणि घर्षणांक ०.७ धरला, तर घसरण सुरू होताना गाडी ताशी ८० किलोमीटरच्या पुढे होती, असा हिशेब निघतो. अँटिलॉक ब्रेकमुळे या खुणा आता पुसट होत चालल्या आहेत. जुन्या दिव्यांचीही एक गंमत होती. धडकेच्या क्षणी दिवा लागलेला असेल तर आतली तापलेली तार ताणून वेडीवाकडी होते, विझलेला असेल तर थंड तार सरळ तुटते. ‘समोरच्याने दिवे लावलेच नव्हते’ या वादाचा निकाल त्या तारेवर लागत असे. एलईडीने तीही सोय घालवली.

समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे खासगी बसला झालेल्या अपघातात २५ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा टायर फुटल्याचे कारण सर्वात आधी पुढे आले. टायर फुटला तर रस्त्यावर रबराच्या चिंध्या मिळतात, उघडी पडलेली रिम डांबर खरवडत जाते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र घटनास्थळी रबराचे तुकडे किंवा तशा खुणा न आढळल्याचे नमूद करून टायर फुटल्याची शक्यता नाकारण्यात आली. जे घडले असे सांगितले गेले, त्याचा माग रस्त्यावर नव्हता.

तुकडा एखाद्याला निर्दोषही ठरवतो?

ठरवतो. अमेरिकेतील ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी ऐन गर्दीच्या वेळी नदीत कोसळला आणि ४६ जण गेले. पूल केबलऐवजी पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता. तपासकर्त्यांनी नदीतून काढलेले अवशेष जमिनीवर पुलाच्या क्रमाने मांडले आणि एका पट्टीच्या भोकापाशी तडा शोधून काढला. जेमतेम तीन मिलिमीटर खोल. ताण आणि गंज यांनी मिळून तो चाळीस वर्षांत वाढवला होता. पण तो सांध्याच्या आत दडलेला होता आणि सांधा उघडल्याशिवाय त्या काळातील कोणत्याही पद्धतीने दिसला नसता, असा निष्कर्ष निघाला. मग प्रश्न निरीक्षकाकडून रचनेकडे गेला. साखळीच्या प्रत्येक दुव्यात दोनच पट्ट्या होत्या. एक तुटली की दुसरीने भार पेलणे शक्य नव्हते. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय निकष आले.

कायद्यात या तारखेने काय फरक पडतो?

बराच. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार साधारणपणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागले, तर मृत्यू होऊ शकतो याची जाणीव असताना केलेल्या कृत्यासाठी दहा वर्षांपर्यंत. मोरबीत तेव्हाच्या भारतीय दंडविधानाचे कलम ३०४, म्हणजे सदोष मनुष्यवधाचेच कलम लावण्यात आले. ‘निष्काळजी’ आणि ‘जाणीव होती’ यांच्यामधली रेषा बहुतेक वेळा एका प्रश्नावर येते : बिघाड कधीपासून होता आणि तो कोणाला दिसायला हवा होता? तडा काल पडला की पाच वर्षांपूर्वी, याचे उत्तर साक्षीदाराकडे नसते.

मग आपल्याकडे हे तुकडे जातात कुठे?

विमान अपघातासाठी देशात विमान अपघात अन्वेषण विभाग आहे, रेल्वेसाठी रेल्वे सुरक्षा आयुक्त आहेत. अहमदाबादेत १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे विमान कोसळले, त्याचा प्राथमिक अहवाल महिनाभरात सर्वांना वाचायला मिळाला. पूल, पुतळे, होर्डिंग, इमारती यांच्यासाठी अशी कायमची, स्वतंत्र यंत्रणा नाही. दर वेळी नवी समिती बसते आणि तिचा अहवाल पूर्ण स्वरूपात लोकांसमोर येईलच असे नाही.

मावळातील कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी इंद्रायणीत कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता. त्या दिवशीही चर्चा झाली ती पर्यटकांच्या गर्दीची. गर्दी मोजायला मोबाइलवरच्या चित्रफिती होत्या. लोखंड मोजायला मात्र लोखंडच ठेवावे लागते.

पहिले काम अर्थातच माणसे बाहेर काढण्याचे, त्यासाठी गॅस कटर चालवावाच लागतो. त्यानंतरचे नियम अगदी साधे आहेत. कापण्याआधी फोटो, शक्य तिथे तुटलेल्या कडेपासून लांब कापायचे, प्रत्येक तुकड्यावर जागेची खूण, तारेच्या ब्रशने घासायचे नाही, कोरड्या जागी ठेवायचे. आणि दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघायचे नाहीत. कॉलेजच्या प्रयोगात गज किती लांबला हे मोजायला आम्ही दोन्ही तुकडे जोडूनच पाहत असू, त्यामुळे हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही विचित्र वाटला होता. पण कडा एकमेकींवर एकदा घासल्या की त्या बारीक रेषा पुसल्या जातात आणि गॅस कटरने वितळलेल्या कडेवर तर त्या उरतच नाहीत.